फोंड्याहून अंधेरीला, विमानानं

तिकीट हातात आलं की वेळेच्या आधी त्यावरची तीन अक्षरं वाचा. गोव्यात आता विमानतळ दोन, जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपाहून विमानं उडायला लागली 5 जानेवारी 2023 ला, तरी 'एअरपोर्ट' म्हटलं की आमच्याकडे गाडी आपसूक वास्कोकडे, दाबोळीला वळते. माझा मावसभाऊ गणपतीची चवथ आटोपून परतताना असाच दाबोळीच्या दारात जाऊन उभा राहिला. विमान पेडण्यात, म्हणजे मोपाला, मध्ये साठेक किलोमीटर. आता पलीकडच्या टोकालाही तीच गंमत आहे. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. अंधेरीला जायचं असेल तर बीओएम, म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ हवा. एनएमआय दिसलं तर खाडी ओलांडायची तयारी ठेवा.

अंतराचा हिशेब करून फार हाती लागत नाही. दाबोळी ते मुंबई सरळ रेषेत सुमारे 425 किलोमीटर, मोपाहून 35 एक कमी. विमानाला ते तीन मिनिटांचं काम. ताशी 800 धरले तर अर्ध्या तासात पोचायला हवं, पण तिकिटावर सव्वा तास असतो. कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची. त्यात रनवेपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं सगळं आलं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात. नंबर लागेपर्यंत आकाशात घिरट्या.

तेव्हा उलटं मोजा. मोपाहून दहाचं विमान, तर काउंटर नऊच्या सुमारास बंद, गेट साडेनऊच्या पुढेमागे. म्हणजे तुम्ही आठला तिथं, आणि फोंड्याहून साडेसहाला बाहेर. पावसात सहालाच निघा. अंधेरीतल्या माणसाला मात्र 'साडेबारापर्यंत येतो' एवढंच सांगा, सव्वाअकराला उतरतोय म्हणून जेवायला थांबवू नका.

आधार कार्ड वरच्या कप्प्यात. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत चालत नाही. लोणचं आणि कोकमाचं आगळ मात्र मोठ्या बॅगेत, झाकणाला दोरा बांधून. बहुतेक साध्या तिकिटांवर मोठ्या बॅगेला 15 किलो, हातातलीला 7. नारळ भरताना हे आठवा. फेणी दुकानातली, सीलबंद, विमानाच्या नियमानं माणशी 5 लिटरपर्यंत मोठ्या बॅगेतून नेता येते. भाटातून, म्हणजे काजूच्या बागेतून, आणून पाण्याच्या बाटलीत भरलेली हुर्राक, ती काजूची पहिल्या धारेची दारू, घरीच संपवून जा. सुके बांगडे नेणार असाल तर तीन पिशव्या, एकीत एक. मी दोनच घेतल्या होत्या, तेव्हा बॅग पट्ट्यावर दिसायच्या आधीच ओळखू आली.

सीट निवडायला मिळाली तर डावीकडची घ्या, जाताना समुद्र त्या बाजूला असतो. दाबोळीहून निघत असाल तर फोन खिशातच ठेवा. तो नौदलाचा तळ आहे, तिथं फोटो काढायला मनाई.