पिझ्झा हटचा जुना पॅन पिझ्झा घरच्या ओव्हनमध्ये: सगळी मेहनत तळाची

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यापुढच्या दहा वर्षांत शहरात वाढलेल्यांना 'पिझ्झा हट' म्हटलं की काळ्या पॅनसकट टेबलावर येणारा जाड पिझ्झा आठवतो. बाहेरून तेलात कुरकुरलेली कड, आत मऊ लुसलुशीत पाव, आणि निघताना दाराशी वाजवायची घंटा. तोवर घरात पिझ्झा म्हणजे बेकरीतला तयार बेस, वर टोमॅटो सॉस, कांदा, ढोबळी मिरची आणि किसलेलं प्रोसेस्ड चीज. आजही अनेक जण त्याच तयार बेसवर महागडं मोझरेला घालतात आणि 'ती चव काही येत नाही' म्हणून हळहळतात. येणारच नाही. ती चव चीजमध्ये नव्हती, सॉसमध्येही फारशी नव्हती. ती पिठाच्या तळाला होती.

पिझ्झा हट 1958 साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा शहरात डॅन आणि फ्रँक कार्नी या भावांनी सुरू केलं, पण तिथला सुरुवातीचा पिझ्झा पातळ होता. जाड पॅन पिझ्झा 1980 मध्ये आला, छोटा पर्सनल पॅन 1983 मध्ये. भारतातलं पहिलं दुकान 1996 मध्ये बंगळूरला उघडलं. अमेरिकेत 2019 साली कंपनीने या पॅन पिझ्झाचं चीज, सॉस आणि खुद्द पॅनही बदललं. तेव्हा आठवणीतला पिझ्झा हवा असेल, तर आजचा डबा मागवून तुलना करत बसण्यापेक्षा जुनी पद्धत समजून घेणं बरं.

पद्धत अशी: खोल काळ्या पॅनमध्ये भरपूर तेल, त्यात लाटलेली पिठाची चकती, आणि ती त्याच तेलात फुगू द्यायची. भट्टीत गेल्यावर पिठाचा तळ भाजला जात नाही, तळला जातो. पाव हलका असतो तो पॅनमध्येच फुगल्यामुळे. फुगलेलं पीठ शेवटी उचलून, दाबून, पॅनमध्ये पसरलं तर आतली हवा जाते आणि नानकट तयार होतं.

भांडं

23 सेंमीचा म्हणजे 9 इंची, निदान 4 सेंमी उंच कडेचा गोल टिन घ्या. काळा, हार्ड अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचा सगळ्यात चांगला. बिडाचं पॅन तितकंच चांगलं, फक्त तापायला वेळ घेतं. चकचकीत केक टिन चालतो, पण तो उष्णता परतवतो, म्हणून तळ दोन-तीन मिनिटं उशिरा रंगतो. काचेचं भांडं नको. तळ सुटा होणारा केकचा टिन तर मुळीच नको: त्याच्या फटीतून तेल ओव्हनच्या कॉइलवर गळतं, धूर होतो आणि आगही लागू शकते.

पीठ

एका 9 इंची पिझ्झासाठी, वजनकाट्यावर मोजून:

मैदा 170 ग्रॅम
पाणी 105 ग्रॅम
दूध पावडर 8 ग्रॅम, साधारण एक मोठा चमचा
साखर 5 ग्रॅम
मीठ 3.5 ग्रॅम, अर्ध्या छोट्या चमच्याहून किंचित जास्त
इन्स्टंट यीस्ट 2.5 ग्रॅम, म्हणजे पाऊण छोटा चमचा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर अर्धा चमचाच
पिठात घालायला रिफाइंड तेल 7 ग्रॅम
पॅनमध्ये ओतायला रिफाइंड तेल 30 मिली, म्हणजे दोन मोठे चमचे

दूध पावडर वगळू नका. तळाचा तांबूस रंग आणि पावाचा तो किंचित गोडसर मऊपणा बराचसा तिच्यामुळे येतो. पॅनमधल्या 30 मिली तेलाला बघून हात आखडतो, आणि बहुतेकांचा पिझ्झा फसतो तो नेमका इथे. एक चमचा तेलात तळ कोरडा, टोस्टसारखा होतो. तेल सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं, वास नसलेलं घ्या. घाण्याचं शेंगदाणा तेल इतर पदार्थांत कितीही छान लागलं तरी इथे त्याचा वास सगळ्यावर बसतो.

मैद्याच्या पुडक्यावर प्रथिनांचा आकडा बघा. 100 ग्रॅममध्ये 10.5 ते 11 ग्रॅम असेल तर उत्तम. त्याहून कमी असेल तर पाणी 5 ते 8 ग्रॅम कमी करा.

कोरडं सगळं एकत्र करून पाणी घाला, दोन मिनिटं कालवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मग 7 ग्रॅम तेल घालून सहा ते आठ मिनिटं मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल असतं आणि सुरुवातीला हाताला चिकटतं. पोळ्या करायची सवय असलेला हात लगेच वरून कोरडा मैदा भुरभुरायला जातो. तसं केलंत की पाव घट्ट झालाच म्हणून समजा. त्याऐवजी हाताला तेल लावा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला पीठ आपसूक गुळगुळीत होतं. एप्रिल-मे महिन्यात पाणी गार घ्या, नाहीतर मळतामळताच पीठ फुगायला लागतं. यीस्ट साधं ड्राय अ‍ॅक्टिव्ह असेल, तर ते आधी कोमट पाण्यात साखरेबरोबर दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, पुढे जाऊ नका.

पॅनमध्ये फुगवणं

मळलेला गोळा पंधरा मिनिटं झाकून ठेवा. पॅनमध्ये 30 मिली तेल ओतून बोटाने कडांनाही लावा. मग लाटण्याने 22 सेंमीची एकसारख्या जाडीची चकती लाटा. लाटणं वापरण्यात काही कमीपणा नाही. या पिझ्झाला हाताने पसरलेला उंचसखलपणा नको, सगळीकडे सारखा पाव हवा. चकती सारखी आक्रसत असेल, तर पिठाला आणखी दहा मिनिटं विसावू द्या. ओढाताण केली तर ते भट्टीत गेल्यावर पुन्हा आक्रसतं आणि कडेला फट राहते.

चकती तेलात ठेवा, वरच्या बाजूला तेलाचा हात फिरवा, ताटलीने झाका. 28 ते 30 अंशांच्या हवेत दीड तास पुरतो. डिसेंबरच्या थंडीत अडीच तासही लागतात, तेव्हा ओव्हनमधला दिवा लावून बंद ओव्हनमध्ये ठेवा. घड्याळापेक्षा जाडी बघा: 6 मिमीची चकती साधारण 12 ते 13 मिमी झाली पाहिजे. बोटाने हलकेच दाबल्यावर खड्डा सावकाश अर्धा भरून आला तर वेळ झाली. लगेच भरला तर अजून थांबा. भरलाच नाही, वर मोठे बुडबुडे आले आणि आंबूस वास येऊ लागला, तर उशीर झाला. असं पीठ सॉसच्या वजनाने मध्ये बसतं.

सवड असेल तर रात्रभराची पद्धत वापरा. चकती पॅनमध्ये ठेवून, घट्ट झाकून 12 ते 24 तास फ्रिजमध्ये, मग भाजण्याआधी सव्वा ते दीड तास बाहेर. पावाची चव यात स्पष्ट उजवी येते.

सॉस, चीज आणि वरचं सामान

सॉस गोडसर, घट्ट आणि ओरेगानोच्या वासाचा. आपले टोमॅटो आंबट आणि पाणीदार, म्हणून अर्धा किलो पिकलेले टोमॅटो उकडून, सोलून, गाळून 200 ग्रॅम उरेपर्यंत आटवा. गार झाल्यावर त्यात पाव छोटा चमचा मीठ, एक चमचा साखर, अर्धा चमचा ओरेगानो, अर्धा चमचा सुकी बेसिल, पाव चमचा लसूण पावडर, चिमूटभर मिरपूड आणि चमचाभर तेल. लसूण ताजी घालू नका, कच्ची लसूण वेगळीच तिखट लागते. ओरेगानोच्या पाकिटावर 'सीझनिंग' लिहिलं असेल तर घटक वाचा: अशा पाकिटात बरेचदा मीठ आणि मिरची आधीच असते, मग सॉसमधलं मीठ निम्मं करा. एका पिझ्झाला 75 ग्रॅम सॉस पुरे. उरलेला फ्रिजमध्ये चार दिवस राहतो.

मोझरेला 110 ते 120 ग्रॅम, अख्ख्या तुकड्याचं घरी किसलेलं. तयार किसलेल्या चीजला एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते कोरडं वितळतं. पाकिटावर वनस्पती तेल दिसलं तर ते चीज परत ठेवा. पाण्यातलं ताजं मोझरेलाही इथे चालत नाही, त्याचं पाणी पावात उतरतं. डब्यातल्या प्रोसेस्ड चीजच्या तारा सुटत नाहीत, कारण त्यात इमल्सिफायर क्षार असतात. चवीसाठी 15-20 ग्रॅम मिसळायला मात्र हरकत नाही.

सॉस आणि चीज कडेपासून एक सेंमी आत थांबवा. चीज टिनला लागून जळलं तर ती चव वेगळ्या प्रकारच्या पिझ्झाची, या नव्हे. भाज्या मिळून 80 ते 90 ग्रॅमच: ढोबळी मिरची, कांदा, मक्याचे दाणे, काळे ऑलिव्ह. मशरूम आधी परतून त्याचं पाणी आटवायचं. टोमॅटोच्या बिया काढायच्या. तंदुरी पनीर हवं असेल तर 60 ग्रॅम पनीरच्या तुकड्यांना दोन चमचे चक्का, लाल तिखट, आलं-लसूण आणि तेल लावून तव्यावर कोरडं होईपर्यंत परता. ओलं पनीर चिखल करतं. भाज्या चीजच्या वर ठेवा, खाली गेल्या तर वाफेने पाव ओला होतो.

भाजणं

दुकानात पट्ट्यावर सरकणारी भट्टी असते, ती वरून-खालून गरम हवेचा झोत मारते. आपल्या ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, तो जोर नाही, म्हणून खालून जास्त उष्णता द्यावी लागते. सगळ्यात खालच्या खाचेत जाळी लावा, तिच्यावर लोखंडी किंवा बिडाचा तवा उपडा ठेवा, आणि दोन्ही कॉइल चालू ठेवून ओव्हन जितका तापेल तितका, 230 ते 250 अंशांवर, निदान 25 मिनिटं तापवा. पिझ्झाचा टिन त्या तव्यावर ठेवा. 12 ते 15 मिनिटं लागतात. पहिल्या दोन मिनिटांत कडेला तेल चरचरताना ऐकू येतं. आवाजच नसेल तर तवा पुरेसा तापलेला नाही.

बाराव्या मिनिटाला पातळ उलथण्याने कड उचलून तळ पाहा. पूर्ण तांबूस-सोनेरी हवा, ठिपकेदार नव्हे. वरचं चीज झालं आणि तळ फिकट असेल, तर टिन गॅसवर मध्यम-मंद आचेवर फिरवत दोन-तीन मिनिटं धरा. नॉनस्टिक भांड्याला हा उपाय करू नका. उलट तळ झाला आणि वर पांढरं असेल, तर शेवटची दोन मिनिटं वरच्या खाचेत न्या. चीजला बदामी डाग पडले पण मधला पाव कच्चा, ही तक्रार जवळजवळ नेहमी जास्त सॉसमुळे किंवा ओल्या भाज्यांमुळे येते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर तापमान बहुधा 200 ते 220 अंशांवरच थांबतं आणि खालून कॉइल नसते. तिथे टिन भाजण्याआधीच तीन मिनिटं गॅसवर ठेवा, मग कन्व्हेक्शनवर 16 ते 18 मिनिटं.

पर्सनल पॅन करायचं असेल तर 6 इंची टिनला 130 ग्रॅम पीठ, 13-14 मिली तेल, 35 ग्रॅम सॉस, 50 ग्रॅम चीज आणि 10-11 मिनिटं. वर दिलेल्या मापात दोन होतात. मुलांना हाच द्या. स्वतःचं वेगळं पॅन मिळण्यात जी गंमत होती, ती मोठ्या पिझ्झाच्या तुकड्यात नाही.

टेबल

बाहेर काढल्यावर मिनिटभराने पिझ्झा उचलून लाकडी पाटावर कापा, टिन पुसा आणि तुकडे परत त्यातच ठेवून टेबलावर न्या. न उचलता टिनमध्येच ठेवून दिला तर पाच मिनिटांत वाफेने तळ नरम पडतो आणि सगळी मेहनत जाते. जुन्या अमेरिकी दुकानांत टेबलावर खाली लोंबणारे रंगीत काचेचे दिवे आणि खडबडीत लाल प्लास्टिकचे उंच ग्लास असत. ग्लासात पेप्सीच, कारण 1977 पासून 1997 पर्यंत कंपनी पेप्सीकोच्या मालकीची होती. घरी ट्यूबलाइट बंद करून पिवळा दिवा टेबलापासून 75 सेंमीवर आणलात तरी चीजचा रंग बदलतो. चिली फ्लेक्स आणि ओरेगानो वाट्यांत, बर्फ भरपूर.

उरलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. तळ पुन्हा कुरकुरतो, कारण तेल त्यातच असतं. कच्च्या चकत्या लाटल्यालाटल्या, फुगायच्या आधी, बटर पेपरमध्ये घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये राहतात. हव्या त्या दिवशी तेल घातलेल्या पॅनमध्ये काढून ठेवा आणि फुगायला चार तास द्या.