परदेशातल्या आडजागी औषध, चष्मा, सुटा भाग कसा मिळवायचा

ओमानच्या वाळवंटातला तेलाचा कॅम्प, मस्कतपासून साडेपाचशे किलोमीटरवरचं दुक्म बंदर, नाहीतर आठवडेच्या आठवडे किनारा न दिसणारं मालवाहू जहाज. गोव्यातून अशा ठिकाणी कामाला गेलेल्या माणसाचं अडतं ते बारीकशा गोष्टीवाचून: रक्तदाबाची गोळी संपते, चष्म्याची दांडी तुटते, कुकरची रिंग सैल पडते. घरी फोन जातो आणि घरचे लगेच पार्सल बांधायला घेतात. पार्सल हा खरं तर शेवटचा उपाय. बऱ्याचदा तीच वस्तू जवळच्या शहरात असते, फक्त ती कोणत्या नावाने मागायची हे ठाऊक नसतं.

औषधाचं पहिल्यांदा बघू, कारण तिथे चूक महागात पडते. भारतातल्या ब्रँडचं नाव बाहेरच्या औषधवाल्याला कळेलच असं नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात; शेवटची गोळी काढायच्या आधी त्या बाजूचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. टेल्मा ४० म्हणजे टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, त्यालाच अमेरिकेत असिटामिनोफेन म्हणतात. अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल, अमेरिकेत अल्ब्युटेरॉल. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल अशी अक्षरं असतील तर तीही लिहा. ती गोळी औषध हळूहळू सोडते. तिच्या जागी साधी गोळी चालत नाही. आपल्याकडे रक्तदाबाची किंवा मधुमेहाची दोन-तीन औषधं एकाच गोळीत मिळतात, बाहेर ती जोडगोळी मिळेलच असं नाही. अशा वेळी गावच्या डॉक्टरांकडून प्रत्येक औषध सुटं लिहिलेली चिठ्ठी मागवा. ती इंग्रजीत, लेटरहेडवर हवी. खाली तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. भारतात अजून यू-४० ची बाटली सर्रास मिळते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. बाहेर बहुतेक ठिकाणी यू-१०० मिळतं. सिरिंजही वेगवेगळी: आपल्याकडे यू-४० ची लाल टोपीची, यू-१०० ची केशरी टोपीची. तिकडची यू-१०० बाटली घेऊन घरून आणलेल्या लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात १० नव्हे, २५ युनिट जातात. साखर झपाट्याने उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाटली बदलली की सिरिंजही बदलायची. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचं, पण फ्रीजरला टेकू द्यायचं नाही. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. वीज नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओल्या मडक्यात ठेवा. कोरड्या वाळवंटी हवेत मडकं आपल्या दमट किनाऱ्यापेक्षा चांगलं थंड होतं.

काही औषधं मात्र मागवायचीच नाहीत. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम, प्रेगाबालिन यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आणि घरच्यांना हे आवर्जून सांगा: तिथे खसखसही बंद आहे. आईने प्रेमाने कुटून दिलेल्या शागुतीच्या मसाल्यात खसखस असते. औषधाच्या पार्सलात जागा उरली म्हणून तो डबा कोंबला की औषधही अडकतं आणि माणूसही.

हालचाल कधी सुरू करायची? ३० दिवसांच्या गोळ्या उरल्या असताना. मिरगीची औषधं, स्टेरॉइड, अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं. त्यामुळे दहा दिवसांच्या उरल्या असताना जागं झालात, तर पार्सलची वाट बघू नका. कॅम्पच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरांकडून पर्यायी औषध लिहून घ्या.

मग विचारायचं कुणाला? आडजागी रेशन, पाणी, डिझेल घेऊन एक ट्रक ठरलेल्या दिवशी येतोच. त्या ट्रकवाल्याची, स्टोअरकीपरची किंवा कॅम्प बॉसची ओळख कुठल्याही कुरियर कंपनीपेक्षा कामाची. दुसरा माणूस बकालावाला. हा छोटा किराणावाला माल भरायला शहरात जातो. त्याला तोंडी सांगू नका. फोटो, माप आणि नग लिहिलेला कागद द्या, सोबत थोडी आगाऊ रक्कम. ऑनलाइन मागवायचं तर घरपोचच्या भानगडीत न पडता कुरियरच्या जवळच्या शाखेत पार्सल राखून ठेवायला सांगा. आखाती देशांत बरंचसं टपाल पीओ बॉक्सवर, म्हणजे पोस्टातल्या क्रमांकाच्या पेटीत येतं, म्हणून कंपनीचा बॉक्स क्रमांक आणि तिथला चालू मोबाइल नंबर पत्त्यात हवाच. भारतातला नंबर दिला की कुरियरवाला फोन करतो, लागत नाही आणि पार्सल परत फिरतं.

चष्म्याचं काम सोपं, आकडे हाताशी असले तर. दांडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असं काहीतरी छापलेलं असतं: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाचं अंतर, दांडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. त्याला डोळ्यांचा नंबर आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर जोडा, की म्हापशाचा किंवा मडगावचा चष्मेवाला तुम्ही समोर नसतानाही चष्मा बनवून देतो.

कुकरच्या रिंगेत लोक फसतात ते लिटर बघून. पाच लिटरची कुठलीही रिंग पाच लिटरच्या कुठल्याही कुकरला बसत नाही. झाकण आत जाणाऱ्या कुकरची रिंग वेगळी, बाहेरून बसणाऱ्याची वेगळी. कंपनी, मॉडेल आणि झाकणाचा प्रकार, तिन्ही कळवा. सोबत सेफ्टी व्हॉल्व्हही मागवा; रिंग कडक झाली असेल तर व्हॉल्व्हचं रबरही बहुधा त्याच वयाचं असतं. चार्जर मागवताना व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनेची जाडी आणि आत-बाहेरची धन-ऋण खूण जुन्या चार्जरवरून ताडून घ्या.

एवढं करूनही गोव्यातून पाठवावं लागलं, तर आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट पणजी, मडगाव, म्हापसा, वास्कोच्या मोठ्या पोस्टात करता येतं. खोका उघडाच न्या, तिथे तपासून मग चिकटवा. ओळखपत्र लागतं आणि सीमाशुल्काचा फॉर्म भरावा लागतो. त्यात 'गिफ्ट' किंवा 'मेडिसिन' एवढंच लिहू नका; औषधाचं नाव, गोळ्यांची संख्या, किंमत लिहा. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख कापली जाता कामा नये. चिठ्ठी आणि बिलाची एक प्रत आत, एक बाहेरच्या पाकिटात. फेणी, अत्तर, स्प्रे आणि पॉवर बँक पोस्टात चालत नाहीत. पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचा क्रमांक लगेच फोटो काढून पाठवा.

रजेवरून परतणारा गाववाला मिळाला तर पोस्टापेक्षा बरं, पण त्याला अडचणीत टाकू नका. त्याच्या घरी आदल्या दिवशी जा, पिशवी त्याच्यासमोर उघडा, चिठ्ठी, बिल आणि रुग्णाच्या पासपोर्टची प्रत हातात द्या. दाबोळी किंवा मोपा विमानतळाच्या दारात घाईने बंद पाकीट दिलं तर त्याने ते घेऊ नये, आणि देणाऱ्याने त्याचा राग मानू नये. इन्सुलिन आणि सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच. पॉवर बँकेला साधारण १०० वॅट-अवरची मर्यादा असते: एमएएच गुणिले ३.७ भागिले १००० केलं की २०,००० ची बँक ७४ वर येते, म्हणजे चालते.

तारवटींचं, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांचं, गणित वेगळं. जहाजाला पत्ता नसतो, पुढच्या बंदरातला एजंट असतो. कंपनीच्या मुंबई ऑफिसकडून त्याचं नाव-पत्ता घ्या. पार्सलवर माणसाचं नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि सात आकडी आयएमओ क्रमांक (जहाजाचा ओळख क्रमांक) लिहा. जहाज लागायच्या किमान आठवडाभर आधी पार्सल तिथे पोचेल असं बघा, कारण जहाज सुटलं की एजंट ते पुढच्या बंदराला पाठवेलच असं नाही. औषधासाठी मात्र आधी कॅप्टनला सांगा. जहाजावर औषधपेटी असतेच, रेडिओवरून डॉक्टरचा सल्ला मिळतो, आणि २००६ च्या सागरी कामगार करारानुसार जहाजावर असताना उपचार आणि औषधं मालकाच्या खर्चाने मिळण्याचा तारवटीला हक्क आहे.