बंद झालेल्या बसचा प्रश्न विधानसभेत कसा न्यावा

आधी निवेदन देणे थांबवा. आमदारांच्या हातात कागद, दोन्ही बाजूंना दहा-बारा माणसे, एक फोटो आणि दुसऱ्या दिवशी बातमी. पुढे त्या कागदावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो, तो खाली सरकत जातो आणि ज्या आगाराने फेरी बंद केली त्याच आगाराच्या टेबलावर येऊन थांबतो. तिथून उत्तर ठरलेले असते: भारमान कमी, म्हणजे गाडीत पुरेसे प्रवासी नाहीत.

भारमान कमी का झाले, हे कोणी विचारत नाही. सकाळची गाडी दोन-चार दिवस आली नाही की लोक वडापकडे, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खासगी जीपकडे वळतात, आणि ज्यांना जमते ते हप्त्यावर दुचाकी घेतात. घरात दुचाकी आली की तो प्रवासी सहसा परत येत नाही. गाडी आणखी रिकामी धावते आणि रस्त्यावरचा धूर वाढतो. बारावीपर्यंतच्या मुलींना शासनाने एसटीचा मोफत पास दिला आहे, पण गाडीच येत नसेल तर तो पास दप्तरातच राहतो. म्हणून हा विषय विधिमंडळात जायलाच हवा, आणि तो तिथे नेण्याची रीत आहे.

खाते ओळखा

एसटी परिवहन विभागाकडे, महापालिकेची शहर बस नगरविकास विभागाकडे आणि धुराचा आणि हवामानाचा विषय पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाकडे. तिन्ही गोष्टी एकाच कागदात घातल्या की प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते. एका कागदात एकच खाते ठेवा.

आकडे मिळवा

एसटीच्या विभागीय कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवा, कारण राज्याच्या नियमात ही मर्यादा आहे. तीन गोष्टी मागा: तुमच्या मार्गावरच्या नियोजित फेऱ्या, रद्द झालेल्या फेऱ्या कारणांसह, आणि महिन्यागणिक भारमान. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा. मधल्या काळात शाळेतून पासधारक विद्यार्थ्यांची संख्या लेखी घ्या आणि ग्रामसभेत ठराव करून त्याची नक्कल ठेवा.

प्रश्नाचा मसुदा

सगळे इथेच अडते. मलाही हे बराच काळ जमत नव्हते, म्हणून सविस्तर सांगतो. आमदारांना विषय सांगू नका, तयार प्रश्न द्या. त्यांच्या कार्यालयातल्या माणसाला एसटीचे वेळापत्रक पाठ नसते. तो अधिवेशनाच्या धामधुमीत तुमच्या चार पानांतून दोन ओळी उचलतो, आणि नेमकी धार तिथेच जाते.

विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ असा संपतो, पुढचे ‘असल्यास’ने सुरू होतात आणि शेवटचा ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ असा असतो. सारा जीव पहिल्या भागात आहे. तिथे ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले की खालच्या प्रत्येक भागासमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच छापून येते. तुमचे काम तिथेच संपते.

म्हणून पहिल्या भागात फक्त तेच लिहा जे एसटीच्याच कागदावर आहे. ‘तालुक्यातील बससेवा पूर्णपणे कोलमडली असून विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय’ हे वाक्य भाषणात शोभते, प्रश्नात बुडते. एक फेरी जरी धावत असली तरी ‘पूर्णपणे’ खोटे ठरते. एका भागात दोन विधाने केलीत तर ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर येते, आणि कोणता अंश खरा हे कधीच कळत नाही.

त्याऐवजी असे लिहा: ‘(१) अमुक आगाराची अमुक मार्गावरील सकाळी साडेसहाची फेरी अमुक तारखेपासून बंद आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या मार्गावर किती पासधारक विद्यार्थी आहेत, (३) असल्यास, सदर फेरी कोणत्या तारखेपर्यंत सुरू करण्यात येणार आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ विशेषणे नकोत, आरोप नकोत. तिसऱ्या भागात तारीख मागायला विसरू नका. ‘कार्यवाही करण्यात येत आहे काय’ असे विचारलेत तर ‘होय’ म्हणून मोकळे होतात.

हवामानाचा मुद्दा याच प्रश्नात कोंबू नका. तुमच्या आगाराला विजेवरच्या गाड्या मिळणार आहेत का, आणि चार्जिंगची सोय त्याआधी होणार का, असा वेगळा प्रश्न करा. ‘पर्यावरण वाचवा’ला कोणतेही खाते बांधील नसते, चार्जिंगच्या तारखेला असते.

कधी आणि कोणाकडे

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. तोवर उशीर झालाच असेल तर लक्षवेधी सूचना मागा, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या आमदारांना तोच मसुदा द्या. विधान परिषदेचे शिक्षक व पदवीधर मतदारसंघांचे आमदार विसरू नका, शाळेच्या फेरीचा प्रश्न त्यांना लगेच पटतो.

नियमित फेरी हा कायदेशीर हक्क व्हावा अशी तुमची मागणी असेल तर प्रश्न पुरणार नाही, त्यासाठी अशासकीय विधेयक लागते. मंत्री नसलेला कोणताही सदस्य ते मांडू शकतो. अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात, तरी मांडावीत, कारण चर्चेला आले तर सरकारला आपली भूमिका सभागृहात सांगावी लागते.

उत्तर आल्यावर

मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटले असेल तर सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीतला तो नेमका मजकूर मिळवा. दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तारीख उलटली की त्या मजकुराची प्रत जोडून समितीला लिहा, आणि तेच पत्र विभाग नियंत्रकांनाही पाठवा. त्यानंतरही गाडी आली नाही तर त्याच फेरीचा माहिती अर्ज पुन्हा टाका, म्हणजे पुढच्या अधिवेशनातल्या प्रश्नाच्या पहिल्या भागासाठी ताजी तारीख हातात असेल.