डार्क चॉकलेट भारी की पालक? तुलना करायची तर अशी करा

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज अधूनमधून फिरत येतोच, "पालकापेक्षा डार्क चॉकलेटमध्ये चौपट लोह", आणि खाली लगेच कोणीतरी टाकतं की चला, आजपासून भाजी बंद. गंमत म्हणजे आकडा खोटा नाहीये. 70 ते 85 टक्के कोकोवाल्या चॉकलेटमध्ये 100 ग्रॅममागे साधारण 12 मिलिग्रॅम लोह असतं आणि कच्च्या पालकात 2.7. मॅग्नेशियमचंही तसंच, 228 आणि 79. हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आकडे, आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, म्हणजे एनआयएनच्या तक्त्यात पालकाचं लोह थोडं वर, 3 च्या आसपास आहे, पण चित्र तेच. घोळ आहे तो "100 ग्रॅम"मध्ये, आणि तो सोडवायला फोनमधला कॅल्क्युलेटर आणि ओट्यावरचा वजनकाटा एवढं पुरतं.

आधी पाणी बघा. 100 ग्रॅम पालकात जवळजवळ 91 ग्रॅम पाणीच असतं, चॉकलेटमध्ये जेमतेम एक-दोन ग्रॅम. म्हणजे पालकातलं सगळं लोह, फायबर, व्हिटॅमिन उरलेल्या नऊ ग्रॅममध्ये बसलंय. मनुके आणि ताजी द्राक्षं एकाच वजनाने तोलल्यासारखं होतं हे.

मग काटा काढा. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेली पालकाची जुडी निवडा, मुळं, जाड देठ, पिवळी पानं काढा आणि जे उरलं ते तोला, कारण तक्त्यातला आकडा निवडलेल्या भाजीचा असतो, दोरा बांधलेल्या जुडीचा नाही. एका माणसाच्या ताटात असा 100 ग्रॅम पालक सहज जातो, कढईत पडला की मूठभर होतो तो. आता चॉकलेटचे दोन चौकोन तोला, जाडीप्रमाणे 15-20 ग्रॅम भरतील. 20 धरू. त्यात लोह 2.4 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 46, फायबर 2.2 ग्रॅम. पालकात लोह 2.7, मॅग्नेशियम 79, फायबर तेवढंच, 2.2. चौपट कुठे गेलं? तोंडात जाईल त्या मापाने मोजलं की दोघं लोहात बरोबरीला येतात, आणि पालक थोडा पुढेच.

कॅलरीचा हिशोब लावला की मग फारच फरक पडतो. त्या दोन चौकोनांच्या 120 कॅलरी, वाटीभर पालकाच्या 23 (फोडणीचं तेल वेगळं, ते प्रत्येकाच्या हातावर आहे). कोणी म्हणालं की मी लोहासाठी अख्खा 100 ग्रॅमचा बार खातो, तर त्याने 600 कॅलरी, 24 ग्रॅम साखर म्हणजे पाच-सहा चमचे आणि 24 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅटसुद्धा खाल्लं. बायकांना दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) 2020 चं कोष्टक सांगतं, पुरुषांना 19. ते चॉकलेटने भरून काढायचं म्हटलं तर दिवसाला जवळपास अडीच बार, बघा बुवा.

हे सगळे आकडे 70 टक्क्यांच्या वरच्या चॉकलेटचे आहेत हेही लक्षात ठेवा. मॉलमध्ये "डार्क" लिहिलेलं बरंचसं चॉकलेट 45-55 टक्क्यांचं असतं, त्यात 100 ग्रॅममागे लोह 8 वर येतं आणि साखर 48 वर जाते, म्हणजे निम्मी साखरच. रॅपर उलटा करून घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, त्यामुळे पहिलं नाव साखरेचं दिसलं की काय ते समजा. कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती फॅट दिसलं तर ते कंपाउंड, केकवाले वापरतात ते, त्याची तुलना पालकाशी करूच नका. आणि "प्रति सर्व्हिंग"चा रकाना बघून खूश व्हायचं नाही, सर्व्हिंग किती ग्रॅमचं धरलंय ते आधी बघायचं, 10 ग्रॅम धरलं तर कुठलंही चॉकलेट शहाण्यासारखंच दिसतं. लोह, मॅग्नेशियम रॅपरवर छापायची सक्ती नाहीये, म्हणून बहुतेक वेळा तिथे सापडणारच नाही.

आता जी गोष्ट मेसेजवाले कधीच सांगत नाहीत, ती म्हणजे खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. दोन्हीकडचं लोह वनस्पतीतलं, ते मांसाहारातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, त्यात कोकोमधली पॉलिफेनॉल्स (तुरट चव देणारी वनस्पतीतली द्रव्यं) त्याला धरून ठेवतात, जेवणावर चहा प्यायल्यावर होतं तसंच. पालकही काही साधा नाही, त्यातल्या ऑक्झलेटमुळे (कॅल्शियमला बांधून ठेवणारं द्रव्य) कॅल्शियम फक्त पाचेक टक्केच मिळतं. फरक इतकाच की भाजीवर तुम्ही लिंबू पिळू शकता, आणि व्हिटॅमिन सीने लोह शोषायला खरंच मदत होते. चॉकलेटवर लिंबू कोण पिळणार! व्हिटॅमिन सी आणि फोलेट (बी गटातलं एक व्हिटॅमिन) पाण्यात उतरतात म्हणून पालक उकडून पाणी सिंकमध्ये ओतण्यापेक्षा आपली डाळ-दाणे घातलेली पातळ भाजी बरी, जे उतरलं ते वाटीतच राहतं. (उष्णतेने व्हिटॅमिन सी थोडं जातंच, म्हणून लिंबू ताटात आल्यावर.) फोडणीच्या तेलाने व्हिटॅमिन ए आणि के शोषायला मदत होते, तेव्हा डाएटच्या नावाखाली बिनतेलाचं काही करू नका.

चॉकलेटला मात्र उगाच खलनायक करायचं कारण नाही. कोकोमधली फ्लॅव्हनॉल्स (पॉलिफेनॉल्सचाच एक प्रकार) पालकातून तशी मिळत नाहीत, आणि दिवसाला 200 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल्सने रक्तवाहिन्या लवचीक राहायला मदत होते हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये मान्य केलाय. पण रॅपरवर तो आकडाही नसतो आणि अल्कली लावून प्रक्रिया केलेल्या कोकोत ती बरीच कमी होतात. उलट पालकात फोलेट, व्हिटॅमिन ए, सी, के भरपूर, चॉकलेटमध्ये सी शून्य. दोघं वेगळ्या खात्यातले आहेत, चॉकलेट मिठाईच्या जागी ठेवा आणि चांगलं घ्या, भाजीच्या जागी नको.

तुलना करायचीच तर पालकालाच का धरून बसता, माठ किंवा शेवग्याचा पाला घ्या. एनआयएनच्या तक्त्यात दोन्हीत 100 ग्रॅममागे 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि साडेचारच्या आसपास लोह आहे, पालक दोन्ही बाबतीत मागे. पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाकडून येणाऱ्या आदिवासी बायका टाकळा, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बसतात तेव्हा तर पालक घेऊच नका.

जड धातूंचं भूत दोन्हीकडे आहे. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने 2022 मध्ये 28 डार्क चॉकलेट्स तपासली तर सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम निघालं, म्हणून रोज एकाच ब्रँडचा बार खायची सवय नको. आणि रुळांच्या कडेला पिकणारी हिरवीगार पालेभाजी आपण लोकलच्या खिडकीतून बघतोच, नाल्याच्या पाण्यावरची असेल तर धुऊन माती जाते, पानात शिरलेलं जात नाही. भाजीवाल्या मावशींना माल कुठला ते विचारा, नाशिक-पुण्याकडून वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात आलेला असेल तर त्या बिनदिक्कत सांगतात.

ऑक्झलेटचा मुतखडा होऊन गेलेला असेल तर पालक आणि डार्क चॉकलेट दोन्हींत ऑक्झलेट जास्त, तिथे मात्र उकडून पाणी फेकलेलंच बरं आणि डॉक्टरांना विचारून खा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालक अचानक वाढवू किंवा बंद करू नका, व्हिटॅमिन केमुळे गोळीचा हिशोब बिघडतो. आणि हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर हा वाद बाजूला ठेवून डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्या.