साखरेविना क्रीम चीज फ्रॉस्टिंग: खान्देशच्या उन्हात या चुका टाळा

साखर न घालता केलेले क्रीम चीज फ्रॉस्टिंग, म्हणजे केकवर लावायचा मऊ थर, बिघडले की ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्या वर्षानुवर्षे त्याच आहेत. पातळ झाले, केकवरून ओघळले, दाताखाली कचकचले, जिभेला विचित्र गार लागले, मागे कडवट चव राहिली. यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच गैरसमजात असते. साखर केवळ गोडीसाठी असते, म्हणून तिच्या जागी दुसरे काही गोड घातले की काम झाले, असे समजले जाते. नेहमीच्या कृतीत २२५ ग्रॅम क्रीम चीज आणि ११५ ग्रॅम लोण्याला ४०० ग्रॅमच्या आसपास आयसिंग शुगर पडते, म्हणजे फ्रॉस्टिंगच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. त्या साखरेत मिसळलेला मक्याचा स्टार्च चीजमधले पाणी धरून ठेवतो आणि साखरेचा भरणा सगळ्याला अंग देतो. हे सगळे काढून घेतल्यावर भांड्यात उरते ते पाणी सोडणारे चीज आणि उन्हात वितळणारे लोणी. म्हणून साखरविरहित फ्रॉस्टिंग घट्ट राहण्यासाठी आपल्या हाती दोनच उपाय उरतात: चीजमधले पाणी आधीच कमी करणे आणि शेवटपर्यंत थंडावा राखणे.

माझे प्रमाण साधे आहे. निथळलेले क्रीम चीज २०० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी १०० ग्रॅम, दळून चाळलेले एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) ६० ग्रॅम, अर्धा लहान चमचा व्हॅनिला इसेन्स आणि चिमूटभर मीठ. सहा-सात इंची बदामाच्या केकला एवढे पुरते. थर पातळ असतो आणि तो पातळच असावा. साखरेच्या फ्रॉस्टिंगसारखी जाड फुले याने काढण्याचा हट्ट धरू नये.

खोलीचे तापमान म्हणजे आपल्या खोलीचे नव्हे

बहुतेक कृती सांगतात की लोणी आणि चीज खोलीच्या तापमानाला आणून घ्या. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांच्या डोळ्यांसमोर २०-२२ अंशांची खोली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दुपारी चाळिशीच्या आसपास उष्मा असतो. लोणी फेटण्याजोगे मऊ असते ते १८ ते २० अंशांना, तिशी ओलांडली की ते ढासळू लागते आणि ३५ अंशांच्या सुमारास पूर्ण वितळते. म्हणजे कृती जसजशी अक्षरशः पाळावी तसतसे लोण्याचे तेल होणार, हे ठरलेलेच आहे.

अमळनेरला राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी नेमके हेच घडले. तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, पंचाहत्तरावा वाढदिवस मे महिन्यात होता. आप्पांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, आणि घरच्या प्रत्येक समारंभात सगळ्यांनी गोड खायचे व त्यांनी नुसते बसून राहायचे, याचे तिला फार वाईट वाटे. म्हणून या वेळी त्यांना खाता येईल असा केक करायचा, असे तिने मनाशी ठरवले. हेतू इतका चांगला होता, म्हणूनच पुढचे ऐकताना मला जास्त लागले. सकाळी नाश्त्याच्या वेळीच तिने लोणी आणि चीज ओट्यावर काढून ठेवले. दुपारी पाहते तर लोण्याच्या कडेला तेल सुटलेले. बीटर काढण्याचा कंटाळा केला आणि सगळे एकदम मिक्सरच्या भांड्यात घालून फिरवले. मिक्सरचे पाते चीजची घडण तोडते, वर मोटरची उष्णता भांड्याला लागते, त्यामुळे दोन मिनिटांत त्याचे ताक झाले. घट्ट व्हावे म्हणून तिने गोडीची पूड वाढवली, तरी होईना म्हणून दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घातले, आणि आतून अजून कोमट असलेल्या केकवर ते ओतले. वरचा थर सरकून ताटात आला. मोठ्या जाऊबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हाई काय व्हयनं?" तेव्हा तिने मला फोन केला. पाहुणे यायला दीड-दोन तास होते आणि वीज गेलेली होती.

मी तिला पहिली गोष्ट ही सांगितली की आता काहीही घालू नकोस. फ्रॉस्टिंग खरवडून स्टीलच्या मोठ्या ताटात पातळ पसरव आणि ताट फ्रीजरमध्ये सरकव. वीज नसली तरी दार उघडले नाही तर फ्रीजर बराच वेळ गार राहतो. केकचे तुकडे वाट्यांमध्ये घाल, पंचवीस मिनिटांनी गोठत आलेले फ्रॉस्टिंग चमच्याने त्यावर ठेव आणि वाट्या तशाच वाढ. पाहुण्यांनी आनंदाने खाल्ले. पण आप्पांच्या वाटीत फ्रॉस्टिंग घालू नकोस, नुसता केक दे, असे मी तिला बजावले, कारण दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर म्हणजे सुमारे १४ ग्रॅम कर्बोदके, आणि ज्या माणसासाठी आपण हिशेब करून केक केला त्यालाच ती न सांगता खाऊ घालणे मला योग्य वाटत नाही. त्या संध्याकाळी तिला सर्वांत जास्त दुःख याचेच झाले.

माझी सवय अशी आहे. उन्हाळ्यात फ्रॉस्टिंगचे काम सकाळी सातच्या आत उरकावे. लोणी फ्रिजमधून काढून लहान तुकडे करावेत आणि पाच-दहा मिनिटांनी बोटाने दाबून पाहावे. खूण उमटली पण बोट तुपकट झाले नाही, की ते तयार समजावे. चीज मात्र थेट फ्रिजमधून घ्यावे. भांडे आणि बीटरच्या काड्या आधी पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. लोणी आणि एरिथ्रिटॉल तीन-चार मिनिटे चांगले फेटावे, मग चीज थोडे थोडे घालून सर्वांत कमी वेगावर जेमतेम मिसळेपर्यंत फिरवावे आणि थांबावे. अधिक फेटल्याने क्रीम चीज अधिक फुलत नाही, सैल पडते. सैल पडलेले फ्रॉस्टिंग आणखी फेटून घट्ट करू पाहणे ही उतावळेपणाची सर्वांत महाग खूण आहे. ते अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि नंतर हाताने चार वेळा ढवळावे, एवढेच.

हिवाळ्यात याच्या उलट अडचण येते. जानेवारीत धुळ्याकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, लोणी दगडासारखे राहते आणि फ्रॉस्टिंगमध्ये बारीक गाठी दिसतात. अशा वेळी भांडे कोमट पाण्यात पाच-सात सेकंद धरून ढवळावे. गॅसवर धरू नये.

पाकिटावर काय लिहिले आहे, ते मागच्या बाजूला वाचा

दुसरी चूक मला पहिलीपेक्षाही जास्त खटकते, कारण ती फ्रॉस्टिंगमध्ये दिसत नाही, खाणाऱ्याच्या रक्तात दिसते. पाकिटाच्या पुढच्या बाजूला 'शुगर-फ्री' असे मोठ्या अक्षरांत असते आणि मागे, बारीक अक्षरांत, घटकांमध्ये पहिलेच नाव माल्टोडेक्स्ट्रिनचे असते. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून केलेले पीठ आहे. ते गोड नसले तरी रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. चहाच्या कपात चिमूटभर घातल्यास फरक पडत नाही, पण फ्रॉस्टिंगला त्याचेच साठ-सत्तर ग्रॅम घातले तर लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचे, हा शब्द उच्चारण्यात अर्थ उरत नाही. घटकांच्या यादीत आयएनएस क्रमांक (खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक) दिलेले असतात, त्यांतले साखरेऐवजी वापरायच्या या गोड पदार्थांचे लक्षात ठेवावेत: एरिथ्रिटॉल ९६८, स्टीव्हिया ९६०, सुक्रालोज ९५५, माल्टिटॉल ९६५, झायलिटॉल ९६७. यांपैकी माल्टिटॉल रक्तातली साखर बऱ्यापैकी वाढवते आणि पोटही बिघडवते, म्हणून ते मी वापरत नाही. झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी ते आणूच नये.

गुळाविषयी तर मला स्पष्टच बोलायचे आहे. 'आमच्याकडे गूळ घरचा आहे, त्याने काही होत नाही' हे वाक्य मी शेतकऱ्यांच्या घरांतून किती तरी वेळा ऐकले आहे. गूळ हा बहुतांशी साखरच असतो, मध आणि खजूर यांचीही तीच गोष्ट. रावेर-यावलची पिकलेली केळी कुस्करून गोडी आणणे हेही त्यातलेच. हे पदार्थ वाईट नाहीत, पण मधुमेही माणसाला साखरविरहित म्हणून वाढायचे नाहीत.

शुद्ध स्टीव्हिया किंवा सुक्रालोज साखरेच्या शेकडो पट गोड असते. ते वाटीच्या मापाने साखरेइतकेच घालणारेही मला भेटले आहेत, आणि त्यांचे फ्रॉस्टिंग फेकून देण्याखेरीज दुसरा उपाय नसतो.

कचकच आणि गारवा

एरिथ्रिटॉल साखरेच्या सुमारे ७० टक्के गोड असते आणि पाण्यात साखरेपेक्षा बरेच कमी विरघळते. त्यामुळे दाणेदार एरिथ्रिटॉल कितीही फेटले तरी दाताखाली येतेच. ते मिक्सरच्या चटणीच्या कोरड्या भांड्यात बारीक दळावे, झाकण उघडण्याआधी दोन मिनिटे थांबावे, नाहीतर पूड नाकातोंडात जाते, आणि मग मैद्याच्या चाळणीने किंवा मलमलच्या कापडातून चाळावे. चाळण्याचा कंटाळा असेल त्याने हे फ्रॉस्टिंग करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

तरीही एक अडचण उरते. पहिल्या दिवशी रेशमासारखे लागणारे फ्रॉस्टिंग रात्रभर फ्रिजमध्ये राहिले की दुसऱ्या दिवशी खरखरीत होते, कारण थंडीत एरिथ्रिटॉलचे स्फटिक पुन्हा तयार होतात. यावर मी दोन गोष्टी करते. एरिथ्रिटॉल ६० ग्रॅमच्या वर नेत नाही, आणि गोडी कमी वाटल्यास सुरीच्या टोकावर मावेल एवढाच शुद्ध स्टीव्हिया घालते. त्याहून जास्त घातला की कडवटपणा येतो. दुसरे म्हणजे केक ज्या दिवशी कापायचा त्याच दिवशी फ्रॉस्टिंग करते. जिभेला जाणवणारा गारवा हा एरिथ्रिटॉल विरघळताना उष्णता शोषून घेते म्हणून येतो. तो पूर्ण जात नाही, पण एक मोठा चमचा बिनसाखरेची कोको पावडर किंवा थोडी वेलची घातली की फारसा जाणवत नाही.

चीज कोणते घ्यावे

तालुक्याच्या गावी क्रीम चीज मिळत नाही, म्हणून चीज स्प्रेड किंवा चीजचे क्यूब किसून वापरणारे आहेत. ते प्रक्रिया केलेले खारट चीज असते आणि त्याचे फ्रॉस्टिंग होत नाही. शहरात डब्यातले क्रीम चीज मिळते, पण ते पावाला लावण्यासाठी मऊ ठेवलेले असल्याने त्यात पाणी अधिक असते. ते मलमलच्या कापडात बांधून, वर वजन ठेवून, फ्रिजमध्ये तीन-चार तास निथळू द्यावे. खाली जमलेले पाणी एकदा पाहिले की ही पायरी का गाळू नये हे कोणालाही सांगावे लागत नाही. 'लो फॅट' चीज तर घेऊच नये, त्यात पाणीच जास्त असते.

क्रीम चीज मिळालेच नाही तर म्हशीच्या एक लिटर दुधाचे पनीर करावे, लिंबाचा आंबटपणा जाईपर्यंत गार पाण्याने धुवावे, निथळून मऊ असतानाच दोन-तीन चमचे साईबरोबर मिक्सरमध्ये एकजीव वाटावे आणि पूर्ण गार करूनच लोण्यात मिसळावे. चक्काही चालतो, पण तो फ्रिजमध्येच बांधून ठेवावा. उन्हाळ्यात बाहेर टांगलेला चक्का सकाळपर्यंत इतका आंबट होतो की त्याला झाकायला गोडी दुप्पट लागते.

आणखी काही चुका थोडक्यात सांगते. खारे पिवळे लोणी वापरू नये. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी व्हिपिंग क्रीम बहुधा वनस्पती तुपाची आणि आधीच साखर घातलेली असते, ती फ्रॉस्टिंग फुगवण्यासाठी मिसळू नये. लिंबाचा रस घालण्याऐवजी लिंबाची साल किसून घालावी, रसाने ते पातळ होते. रंग हवा असल्यास पाण्यातला नको, जेल घ्यावा. बदामाचा केक आतून बराच वेळ गरम राहतो आणि उन्हाळ्यात ओट्यावर तो गार होतच नाही, म्हणून तो गुंडाळून किमान दोन तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय त्यावर काही लावू नये.

साखर नाही म्हणून कितीही खावे, असेही नाही. १०० ग्रॅम क्रीम चीजमध्ये साधारण ३५० आणि तेवढ्याच लोण्यात सव्वासातशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि चीजमध्ये चार-पाच ग्रॅम कर्बोदकेही असतात. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी एरिथ्रिटॉल नियमित वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रक्तातील त्याचे प्रमाण आणि हृदयविकाराचा झटका यांच्यात संबंध आढळला होता, जरी एकामुळेच दुसरे होते हे त्यातून सिद्ध होत नाही.

केक दुसऱ्या गावी न्यायचा असेल तर तो थर्माकोलच्या खोक्यात, खाली आणि बाजूंनी बर्फाच्या बाटल्या ठेवून, सूर्य मावळल्यावरच न्यावा. पोहोचल्यावर आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा, आणि कापण्याच्या पाच मिनिटे आधी बाहेर काढावा.