कुत्र्याचे पोट वारंवार बिघडते? कारण शोधताना या चुका टाळा

कुत्र्याला ढाळ लागतात, औषध दिले की दोन दिवसांत थांबतात, महिनाभर तो बरा राहतो आणि पुन्हा तेच सुरू होते. अशा वेळी घरातील माणसे दर खेपेस नवे औषध किंवा नवे खाद्य आणतात आणि उतार पडला की त्यालाच गुण आला असे धरून चालतात. प्रत्यक्षात पोट बिघडण्याचे बरेच प्रसंग दोन-तीन दिवसांत आपोआप निवळतात; त्यामुळे त्या दिवसांत ताक पाजले काय किंवा मेडिकलमधून गोळी आणली काय, श्रेय त्या उपायाला मिळते आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेला किंवा वरचेवर उलटणारा त्रास जुनाट समजावा आणि त्याचा रीतसर तपास करावा.

या तपासातील सर्वांत मोठी उणीव म्हणजे नोंद न ठेवणे. पशुवैद्याने ‘कधीपासून आणि किती वेळा’ असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ‘बऱ्याच दिवसांपासून, अधूनमधून’ असे असते आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. परभणी जिल्ह्यातील एका आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) कारवानी जातीच्या कुत्र्याचे पोट सतत बिघडत असे. घरच्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या दिवशी ढाळ लागले त्या चौकटीत फुली आणि उलटी झाली तेथे गोल, एवढेच लिहायला सुरुवात केली. पुढे पाहिले तर बहुतेक फुल्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पडलेल्या होत्या. बाजारातून परतताना सालगडी मटणाच्या दुकानातील चरबी आणि कातडीचे तुकडे मायेने कुत्र्यासाठी आणत असे, आणि मालकाला याची कल्पनाच नव्हती. आपल्याकडे आखाड्यावरचा किंवा गल्लीत मोकळा फिरणारा कुत्रा एकाच घरचे खात नाही. म्हणून शेजारी, लेकरे, गडी या सर्वांना कोणताही ठपका न ठेवता विचारावे आणि उकिरडा, मेलेले जनावर किंवा साचलेले पाणी यांपर्यंत तो पोचतो का, हेही पाहावे. लातूर-धाराशिवकडे येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी शेतात भज्जी, आंबील, खीर असे सगळेच त्याच्या पुढ्यात येते. सणानंतरचा त्रास त्यामुळे वेगळा नोंदवावा.

विष्ठा न पाहताच ‘जुलाब’ म्हणणे

विष्ठा पाहणे किळसवाणे वाटते, परंतु दोष आतड्याच्या कोणत्या भागात आहे याचा पहिला पुरावा तिच्यातच असतो. दिवसातून तीन-चार वेळा, पण दर वेळी भरपूर पातळ होत असेल आणि सोबत वजनही उतरत असेल, तर दोष बहुधा लहान आतड्यात असतो. याउलट कुत्रा वारंवार बसतो, कुंथतो, थोडेसेच होते, त्यात आव किंवा ताजे लाल रक्त दिसते आणि वजन मात्र टिकून राहते, तेव्हा मोठ्या आतड्याकडे बोट जाते. डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा म्हणजे जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव होत असण्याची शक्यता. अर्थात लोहयुक्त टॉनिक चालू असेल तरीही विष्ठा काळी होते, म्हणून चालू असलेली प्रत्येक बाटली आणि गोळी पशुवैद्याला दाखवावी. माणसांची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके कुत्र्याच्या जठराला जखमा करतात. लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली गोळी दिली आणि पुढे उलट्या सुरू झाल्या, तर हा संबंध लपवू नये.

उलटीच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. पोट आत ओढून, उबळ येऊन अन्न बाहेर पडते ती उलटी. मान खाली घालताच कसलाही जोर न लावता न पचलेले अन्न घरंगळून बाहेर येत असेल, तर दोष अन्ननलिकेत असू शकतो. या दोन्हींचा तपास पूर्णपणे वेगळा आहे. तोंडी वर्णनात हा फरक हमखास निसटतो, म्हणून मोबाईलवर चित्रीकरण करून न्यावे.

जंताची गोळी दिली म्हणजे जंत नाहीत, असे मानणे

सर्व जंतांवर एकच गोळी चालत नाही, आणि वजनाचा अंदाज चुकून मात्रा कमी पडली तर योग्य गोळीही निरुपयोगी ठरते. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसत असतील तर ते पट्टकृमीचे असतात. त्याची नेहमी आढळणारी जात पिसवांमधून पसरते, त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त न करता दिलेले औषध थोड्याच दिवसांत वाया जाते. मोठ्या आतड्यात राहणारा व्हिपवर्म हा जंत कुत्र्याच्या पोटात गेल्यापासून अंडी घालू लागेपर्यंत सुमारे तीन महिने लागतात आणि नंतरही तो ती सलग टाकत नाही. जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवीही प्रत्येक विष्ठेत सापडतोच असे नाही. त्यामुळे एका नमुन्यात काही आढळले नाही म्हणून ही शक्यता खोडू नये. तीन ते पाच दिवसांच्या अवधीतील तीन नमुने तपासून घ्यावेत. नमुना ताजा हवा, स्वच्छ झाकणाच्या डबीत हवा, आणि मातीला टेकलेला भाग वगळून वरचा घ्यावा, कारण जमिनीतील अळ्या त्यात मिसळल्या की निष्कर्ष चुकतो. मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोचताना बिघडतो. तो थंड ठेवून न्यावा. शेळ्या-मेंढ्यांसाठी आणलेले जंतनाशक उरले म्हणून कुत्र्याला पाजू नये. दोन्हींची मात्रा वेगळी असते आणि त्यातील काही औषधे कुत्र्याच्या काही जातींना जिवावर बेतू शकतात.

एकाच वेळी सगळे बदलणे

सोमवारी खाद्य बदलले, मंगळवारी जंताचे औषध दिले, बुधवारी दही सुरू केले आणि शुक्रवारी कुत्रा बरा झाला, तर कशाने बरा झाला हे कोणालाच सांगता येणार नाही. तब्येत स्थिर असेल तेव्हा एका वेळी एकच बदल करावा. खाद्याचा संशय असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने, पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ एवढेच द्यावे. आजवर दूध-भाकरी, चपाती आणि कोंबडीवर वाढलेल्या कुत्र्याला कोंबडी-भात हे नवे खाद्य होत नाही. त्याने मासे आणि रताळे कधी खाल्ले नसतील, तर ते चालू शकते. पोटाच्या तक्रारीत असा प्रयोग यशस्वी होणार असेल, तर फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो, तरीही तो तीन-चार आठवडे नेटाने चालवावा.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमुळे. बिस्किटाचा तुकडा, येसर आमटीत कुस्करलेली भाकरी, गोळी गिळावी म्हणून पाजलेले दूध, मांसाची चव घातलेले चघळण्याचे औषध, यांतील एकानेही सगळी मेहनत पाण्यात जाते. (कांदा-लसणाची आमटी तर कधीच देऊ नये, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.) कुत्रा बरा झाल्यावर पुन्हा जुने खाद्य देऊन पाहणे पालकांच्या जिवावर येते, आणि ते समजण्यासारखे आहे, परंतु जुने खाद्य दिल्यावर त्रास उलटला आणि बंद केल्यावर थांबला, तरच दोष त्या खाद्याचा होता हे सिद्ध होते. दुधाबाबत हे सहज कळते, कारण अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही आणि नुसते दूध बंद केल्याने त्यांचे पोट ताळ्यावर येते.

प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे. मेट्रोनिडाझोल दिले की ढाळ लवकर थांबतात, म्हणून मागच्या खेपेची चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा आणली जाते. या औषधाने आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा समतोल ढळतो, तो सावरायला काही आठवडे लागू शकतात, आणि तोवर तपासण्यांतून मिळणारे चित्रही अस्पष्ट होते.

जंत आणि खाद्य यांतून उलगडा झाला नाही, तर दोष आतड्याबाहेरही असू शकतो. खूप खाऊनही रोडावणारा, तेलकट आणि ढीगभर विष्ठा करणारा कुत्रा, विशेषतः जर्मन शेफर्ड, स्वादुपिंडाच्या विकाराने ग्रस्त असू शकतो आणि त्यासाठी टीएलआय ही रक्तचाचणी आहे. अशक्तपणा आणि उलट्या येत-जात राहून सलाईनने तात्पुरत्या बऱ्या होत असतील, तर ऍडिसनच्या विकाराची (यात मूत्रपिंडांजवळील अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरके कमी पडतात) शंका घेऊन सोडियम-पोटॅशियम तपासावे लागते. आपल्याकडे गोचिडांचा सुळसुळाट असल्याने ताप, मंदावलेली भूक, नाकातून रक्त अशी लक्षणे सोबत असतील, तर गोचीडतापासाठी रक्त पाहणे टाळू नये. गावातील दवाखान्यात या चाचण्यांची सोय नसेल, तर परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांचा विचार करावा. जाताना दिनदर्शिकेची पाने, चित्रीकरण, खाद्याच्या पिशवीवरील घटकांचा फोटो, लसीकरणाचे पुस्तक आणि आधीच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.

हा सगळा तपास सावकाश करण्याचा आहे, पण काही कुत्र्यांना तेवढा वेळ नसतो. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले तर तो पार्व्हो हा विषाणूजन्य आजार असू शकतो, आणि अशा वेळी घरी दिनदर्शिका भरत बसणे घातक ठरते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पाणीही पोटात ठरेनासे झाले, किंवा पोट फुगून कुत्रा नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या काढू लागला, तर रात्र असली तरी त्याच तासाला पशुवैद्याला फोन करून निघावे.