लिनक्स डेस्कटॉपवर सर्च चालेना? या चुका टाळा

फाइल डोळ्यांसमोर आहे, नाव तोंडपाठ आहे, पण सर्चमध्ये टाकलं की उत्तर एकच: काही सापडलं नाही. मग माणूस वैतागतो, नेटवर दिसेल ती कमांड टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि सगळा इंडेक्स, म्हणजे सर्चने आधीच बनवून ठेवलेली फायलींची आणि शब्दांची सूची, पुसून मोकळा होतो. मीही हेच केलं होतं. रात्रभर लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला, सकाळी इंडेक्स नवाकोरा तयार, आणि फाइलचा पत्ता नाहीच.

झालं होतं असं. फोनवर आलेल्या पीडीएफचा अख्खा फोल्डर मी डॉक्युमेंट्समध्ये आणून टाकला होता. डेस्कटॉप नोम, म्हणजे लिनक्सच्या लोकप्रिय डेस्कटॉपांपैकी एक. नावाने शोधलं की पीडीएफ सापडायची, आतल्या शब्दाने शोधलं की नाही. इथेच मी फसलो, कारण नावाने सापडतेय म्हणजे इंडेक्स ठीक आहे असं मी धरून चाललो. खरं तर नाव शोधायला फाइल मॅनेजर इंडेक्सवाचूनही फोल्डर चाळू शकतो. आतल्या मजकुरासाठी मात्र इंडेक्स लागतोच. शेवटी कंट्रोल आणि एच दाबून लपलेल्या फायली पाहिल्या, तर त्या फोल्डरात ‘डॉट नोमीडिया’ नावाची रिकामी फाइल बसलेली. फोनच्या गॅलरीने तो फोल्डर दाखवू नये म्हणून अॅप ती ठेवतं. नोमचा इंडेक्सर, म्हणजे ही सूची बनवणारा प्रोग्रॅमही, ही खूण पाळतो आणि असा फोल्डर सरळ सोडून देतो. गिटची रेपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रॅमरच्या कोडचा फोल्डरही, तो असाच वगळतो. ती फाइल काढली, लॉगआउट करून परत आलो आणि थोड्या वेळाने आतले शब्द सापडू लागले.

म्हणून सर्च बिघडलाय असं ठरवण्याआधी ती फाइल इंडेक्समध्ये कधी गेली होती का, हे बघा. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर इंडेक्सरचं नाव बालू, तिथे ‘बालूशो’ आणि पुढे फाइलचं नाव दिलं की कळतं. नोमवर ‘ट्रॅकर३ इन्फो’ हेच काम करतं. २०२४ च्या नोम ४७ पासून ट्रॅकरचं, म्हणजे नोमच्या इंडेक्सरचं, नाव लोकलसर्च झालंय, त्यामुळे जुनी कमांड ‘सापडत नाही’ म्हणाली तर घाबरू नका, नवीन नावाने द्या. केडीईच्या प्लाझ्मा ६ मध्येही बालूच्या कमांडींच्या नावाला शेवटी ६ चा आकडा लागतो. जुन्या लेखांतल्या कमांडी चालत नाहीत त्या बऱ्याचदा एवढ्यासाठीच.

पुसण्याची घाई

आधी एक साधी चाचणी. डॉक्युमेंट्समध्ये नवी टेक्स्ट फाइल करा, आत जगात कुठेच नसेल असा शब्द लिहा, ‘खटपटगुंडी’ म्हणा हवं तर, आणि मिनिटभराने तो शोधा. सापडला तर इंडेक्सर जिवंत आहे, अडचण त्या एका फाइलची किंवा फोल्डरची आहे. नाही सापडला, तर इंडेक्सर चालू आहे का ते बघा.

केडीईवर ‘बालूसीटीएल स्टेटस’ दिलं की इंडेक्सर चालू आहे का, किती फायली झाल्या, किती रांगेत आहेत आणि किती फसल्या ते दिसतं. रांग हजारोंची असेल आणि लॅपटॉप बॅटरीवर असेल, तर बिघाड काहीच नाही. बॅटरीवर बालू फायलींच्या आतला मजकूर वाचणं थांबवतो. चार्जर लावा आणि चहा घेऊन या. रांग नाही पण ‘फसलेल्या’ फायली आहेत, तर ‘बालूसीटीएल फेल्ड’ त्यांची यादी देतो.

डिस्क भरली आहे का, हेही आत्ताच बघून घ्या. होम विभागात जागा नसेल तर इंडेक्स लिहिणार कुठे? तासभर सेटिंग्ज उकरून शेवटी ‘शंभर टक्के भरली’ हे वाचायला मिळतं तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. हे सगळं पाहूनही स्टेटसची कमांडच कोसळत असेल, किंवा चार्जर लावूनही आकडा तासन्‌तास जागचा हलत नसेल, तर खुशाल पुसा. केडीईवर त्यासाठी ‘पर्ज’ आहे. नोमवर ‘रीसेट’ला फाइलसिस्टमचा पर्याय जोडून द्यावा लागतो.

सुडो लावणं

इंडेक्स प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा, त्याच्याच होममध्ये असतो. सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य प्रशासकाच्या हक्काने, या कमांडी दिल्या तर रूटचा वेगळाच इंडेक्स हाताळला जातो, किंवा तुमच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या फायली तयार होतात. मग तुमच्याच इंडेक्सरला तिथे लिहिता येत नाही. साधं लॉगिन, साधी कमांड.

भलतीकडे शोधणं

नोम मुळात होमचा वरचा थर आणि डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, व्हिडिओज हे फोल्डर आतपर्यंत पाहतो. डिस्कच्या दुसऱ्या विभागावरचा (पार्टिशनवरचा) ‘कामं’ फोल्डर तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला ठाऊक नसतो. तो सेटिंग्जमधल्या सर्चच्या जागांमध्ये जोडावा लागतो. केडीईवर होममध्ये त्या फोल्डरची फक्त सिमलिंक, म्हणजे शॉर्टकटसारखा दुवा, ठेवून भागत नाही, बालू लिंकच्या मागे जात नाही.

बालूची आणखी एक खोड म्हणजे तो शब्द सुरुवातीपासून जुळवतो. ‘अहवाल’साठी ‘अह’ चालेल, ‘वाल’ चालणार नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसतोच, नुसतं चित्र असतं. आणि युनिकोडआधीच्या फाँटात टाइप केलेली जुनी फाइल पडद्यावर मराठी दिसली तरी आत भलतीच अक्षरं असतात, ती मराठी शब्दाने कधीच सापडणार नाही.

नव्या फायली लॉगिननंतरच दिसणं

हा दोष बहुधा आयनोटिफायच्या मर्यादेचा. फोल्डरांत काय बदललं ते आयनोटिफाय कळवतं, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरावीक संख्येने पहारे देतो. पूर्वी हा आकडा साधारण ८१९२ असायचा, कर्नल ५.११ पासून तो रॅमच्या हिशोबाने वाढतो. जुना कर्नल आणि ढीगभर फोल्डर असतील तर पहारे संपतात आणि नंतरच्या बदलांची खबर इंडेक्सरला लागत नाही. सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जमध्ये, ‘मॅक्स युजर वॉचेस’ वाढवा, किंवा प्रोग्रॅम बिल्ड करताना बनणारे अवाढव्य फोल्डर इंडेक्समधून वगळा. मला दुसरा उपाय जास्त पटतो, नाहीतरी त्या फोल्डरांत आपण शोधणार काय?

टर्मिनलमधल्या लोकेट या नावाने फाइल शोधणाऱ्या कमांडचं दुखणं निराळं. त्याची यादी सहसा दिवसातून एकदाच बनते, म्हणून सकाळची फाइल दुपारी सापडत नाही. ‘अपडेटडीबी’ चालवा, आणि इथे मात्र सुडो हवाच. बीटीआरएफएस या फाइलसिस्टमवर होम वेगळं सबव्हॉल्यूम (स्वतंत्र कप्पा) असेल आणि त्यातलं काहीच सापडत नसेल, तर ‘अपडेटडीबी’च्या कॉन्फिग फायलीत बाइंड माउंट वगळण्याची ओळ ‘नो’ करून पुन्हा चालवून बघा.